माझ्या उपासांचं खरं कारण

त्या श्रावणात मी आठवड्याला चार उपास करत होते. सोमवार आमच्या भागात बहुतेक घरांत असतोच. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला रांगा लागतात. मी सोमवाराला मंगळवार जोडला, मग गुरुवार, मग शनिवार. आईला फार बरं वाटलं. पोरगी कॉलेजात गेली की हाताबाहेर जाते असं जे कोणी तिला ऐकवून गेले होते, त्या प्रत्येकाला तिनं माझे उपास सांगितले. शेजारची काकू एका दुपारी ओट्यावर बसून म्हणाली, "आमची सूनबाई एक चतुर्थी धरती तर दुपारपासून चक्कर येऊन राहिली म्हणती. तुमचं लेकरू बघा, हूं की चूं न्हाई."

"शिकली तरी देवाला इसरली न्हाई," आई म्हणाली.

मी आत दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. उभी होते, कारण मला बसता येत नव्हतं.

खरं कारण मी तेव्हा कोणालाच सांगितलं नव्हतं. आजही लिहिताना हात अडतो, पण आता लिहायचंच ठरवलंय. मला संडासला जायची भीती वाटत होती. गेलं की काचेचा तुकडा कापत बाहेर यावा तसं व्हायचं, आणि नंतर दोन-दोन तास आग. कधी लालभडक रक्ताचे थेंब. मी माझ्यापुरता उपाय काढला: खाल्लंच नाही, तर जावंच लागणार नाही. पण आमच्या घरात जेवण टाळणं सोपं नाही. भाकरीचा कोर उरला तरी 'काय झालं, कोण काय बोललं' सुरू होतं. न जेवता राहायची आणि वर कोणी काही न विचारायची एकच वाट होती, ती म्हणजे उपास. उपासाला कोणी कारण विचारत नाही.

उपासाला मी खायचे काय, तर साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, तळलेले बटाटे. भाजी नाही, भाकरी नाही. पोट आणखी घट्ट होत गेलं. आधी रोज जात होते, मग दिवसाआड, मग तिसऱ्या दिवशी. आणि तिसऱ्या दिवशी जे व्हायचं त्यानं मी चौथा उपास धरायचे. मी विज्ञान शाखेची विद्यार्थिनी. पचनसंस्थेची आकृती दहावीत असताना न बघता काढायचे. शेवटच्या भागाला नाव दिलं की आकृती पूर्ण. त्या शेवटच्या भागात काही दुखू शकतं, हे पुस्तकात कुठं नव्हतं आणि कोणत्या सरांनी कधी सांगितलं नव्हतं.

हे सुरू कसं झालं, तेही सांगते, कारण माझा सगळ्यात जास्त राग तिथं आहे.

माझं कॉलेज हिंगोलीला. आमच्या घरात शाळेपुढे शिकलेली मी पहिली. बस सकाळी पावणेसातला, घरामागे संडास एक आणि माणसं सहा. आजोबांना आधी जाऊ द्यायचं, मग अण्णांना. माझी पाळी येईपर्यंत फाट्यावर हॉर्न वाजायचा. मग दिवसभर दाबून ठेवायचं. कॉलेजात मुलींचं स्वच्छतागृह होतं, पण त्याला कुलूप. किल्ली ऑफिसात, जिथं स्कॉलरशिपच्या फॉर्मसाठी मुलांची गर्दी असायची. पहिल्या वर्षी एकदा मी गेले आणि किल्ली मागितली.

"कशाला पाहिजे?" आतल्या कारकुनानं विचारलं.

मी काय सांगणार? मागं उभी असलेली मुलं एकमेकांकडे बघून हसली. तो म्हणाला, "उघडं ठेवलं की तुम्ही घाण करता, बंद ठेवलं की किल्ली मागता. घ्या, आणि पाच मिनिटांत परत आणा."

त्यानंतर मी पुन्हा किल्ली मागितली नाही. आम्ही बसमधल्या मुलींनी एक नियमच करून टाकला होता: सकाळी घरी पाणी प्यायचं, ते संध्याकाळी घरी. माझी मैत्रीण, जी पुढच्या थांब्यावर चढायची, तिला याचा अभिमान होता. "मी उंटीण हाय," ती म्हणायची. "काल सकाळचं पाणी अजून चालून राहिलं." आम्ही हसायचो. उन्हाळ्यात, भर उन्हात, भरलेली बाटली पिशवीत तशीच घरी परत न्यायची यात आम्हाला शहाणपण वाटायचं. एका कारकुनाला रोज एक दार उघडायचा कंटाळा, म्हणून एवढ्या मुलींनी तहानेलं राहायचं, आणि ते आम्हाला विचित्रसुद्धा वाटलं नाही.

आईला कळलं ते धुण्यातून. माझ्या सलवारीवर डाग दिसला.

"हे काय गं? तुझी तर झाली ना मागच्या आठवड्यात?"

"उष्णता हाय," मी म्हणाले. आमच्याकडे हा शब्द तोंड आलं तरी चालतो आणि डोळे आले तरी चालतो. आईनं सब्जा भिजवला, ताक दिलं, लाल तिखट बंद केलं. चार दिवसांनी पुन्हा डाग दिसला तेव्हा तिनं अण्णांना सांगितलं, "पोरीला खालची तकलीफ हाय." अण्णांनी पुढचे दोन दिवस माझ्याकडे बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी दाराकडे तोंड करून म्हणाले, "उद्या दवाखान्यात जायचंय. तयार राहाय."

तो दवाखाना कोणत्या गावातला, हे मी लिहीत नाही. बाहेर मोठी पाटी होती: मूळव्याध, भगंदर, फिशर; विना ऑपरेशन; एका इंजेक्शनात खात्रीशीर इलाज. नावापुढे काही अक्षरं होती. ती कसली पदवी, हे आत बसलेल्या कोणी कधी विचारलं असेल असं वाटत नाही. मीही विचारलं नाही.

आतल्या माणसानं मला एकही प्रश्न विचारला नाही. त्यानं अण्णांना विचारलं. "किती दिवस झाले?"

"काय की," अण्णा म्हणाले.

"रक्त जातं?"

"जात असंल."

मी शेजारी उभी होते. दुखत मला होतं, रक्त माझं जात होतं, आणि तो विचारत होता माझ्या बापाला, ज्याला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. नंतर त्यानं मला पडद्यामागे जायला सांगितलं. तिथं कोणी बाई नव्हती, नर्स नव्हती. काय करणार हे त्यानं सांगितलं नाही. पुढचं मी लिहिणार नाही. एवढंच सांगते की मला घेरी आली आणि मी ओठ चावून गप्प राहिले. मी ओरडायला हवं होतं. बाहेर येऊन त्यानं हात धुतले आणि अण्णांना सांगितलं, "मूळव्याध हाय. तिसरी पायरी. येत्या गुरुवारी या, इंजेक्शन मारतो, आठ दिवसांत गळून पडंल. आता न्हाई केलं तर पुढं कॅन्सर."

अण्णा घाबरले आणि त्याच वेळी सुटल्यासारखेही झाले. बसस्टँडवर ते माझ्याशी पहिल्यांदा बोलले. "बरं झालं. ऑपरेशन न्हाई." ते सारखं तेच म्हणत होते. शरीराला चाकू लागला की पोरीचं लग्न अवघड, हे त्यांच्या डोक्यात होतं. सुई लागली तर कोणाला कळणार?

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मैत्रीण चढली. बस कधी नव्हे ती रिकामी होती आणि मी दांड्याला धरून उभी.

"काहून उभी हायस गं? सीट चावती काय?"

तिला मी सांगितलं. का सांगितलं माहीत नाही. बहुतेक ती उंटिणीचे विनोद करायची म्हणून. मला वाटलं होतं ती हसेल. तिनं खिडकीबाहेर बघितलं.

"माझी मावशी हाय ना, कनेरगाव नाक्याची," ती हळू म्हणाली. "तिला असंच एकानं इंजेक्शन मारलं होतं. मूळव्याध म्हणून. तिथं सगळं सडलं. महिनाभर वसमतला दवाखान्यात होती. आता तिला धरवत न्हाई."

"काय धरवत न्हाई?"

"काय म्हणजे? तेच. कळायच्या आत होऊन जातं. लग्नाला येत न्हाई, बारशाला येत न्हाई. लोक म्हणतात, मावशी लई घमंडी झाली. तिनं कोणाला सांगावं? मला मायनं सांगितलं, तेपण शपथ घालून." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू गुरुवारी जाऊ नको. आधी सरकारी दवाखान्यात दाखव. तिथं डॉक्टरीण बाई हायत. मी येते."

त्या दिवशी आम्ही प्रॅक्टिकल बुडवलं. आयुष्यात पहिल्यांदा. केसपेपरच्या खिडकीवर विचारलं, "काय त्रास?" माझ्या मागे पंधरा माणसं. मी म्हणाले, "पोटाचा." मैत्रिणीनं मला कोपरानं ढोसलं आणि खिडकीत तोंड घालून म्हणाली, "संडासच्या जागेचा. बाई डॉक्टर पाहिजे." खिडकीतल्या माणसानं मान वर न करता खोलीचा नंबर लिहून दिला. एवढंच. आकाश कोसळलं नाही. मागचे पंधरा जणही आपापल्या दुखण्यात होते.

डॉक्टर बाई थकलेल्या दिसत होत्या. टेबलावर अर्धा डबा उघडा होता. त्यांनी मला विचारलं. मला. किती दिवस, दुखणं जाताना होतं की नंतरही राहतं, रक्त शौचाला लागून येतं की वेगळं पडतं, रंग कसा, वजन कमी झालंय का, घरात कोणाला आतड्याचा आजार आहे का. मी इतक्या हळू बोलत होते की त्या पुढे वाकून ऐकत होत्या. मग सिस्टरला आत बोलावून म्हणाल्या, "डाव्या कुशीवर झोप, गुडघे पोटाशी घे. मी फक्त बघणार आहे. बोट आत घालणार नाही, आत्ता तुला सहन होणार नाही ते. दुखलं तर थांब म्हण, मी थांबते."

अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.

"मूळव्याध कोणी सांगितली?"

मी गावाचं नाव सांगितलं. त्यांनी सिस्टरकडे बघितलं.

"हे फिशर आहे. भेग. टाचेला भेग पडते ना, तशी त्या जागेच्या नाजूक कातडीला पडलीय. कडक शौचानं फाटते. दुखलं की तिथला स्नायू आवळून धरतो. आवळला की रक्तपुरवठा कमी होतो, म्हणून भेग भरत नाही. भरत नाही म्हणून दुखतं, दुखतं म्हणून तू जात नाहीस, जात नाहीस म्हणून आणखी कडक होतं. कळलं?"

मला कळलं. इतकं साधं होतं की मला रडू आलं.

"आज पाणी कधी प्यालीस?"

"सकाळी सहाला."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. दोन वाजून गेले होते. "का?"

कुलपाचं सांगितलं. त्यांचा चेहरा कडक झाला. "आणि खातेस काय?" उपासांचं सांगितलं. चार म्हणाल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

"नागनाथाला सांग, डॉक्टरीणबाईनं मनाई केली. काय म्हणायचं ते मला म्हणेल."

मैत्रीण खुदकन हसली, मग बाईही.

त्यांनी जे सांगितलं ते त्या इंजेक्शनवाल्याच्या पाटीवर नव्हतं. कोणाच्याच पाटीवर नसतं, कारण त्यात पाटी लावण्यासारखं काही नाही. दिवसातून दोन-तीनदा, आणि शौचाहून आल्यावर तर नक्की, पसरट टबात सोसवेल एवढं कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटं बसायचं. त्यात मीठ नको, औषध नको, पाण्याच्या उबेनंच स्नायू सैल पडतो. शौच मऊ राहावं म्हणून ज्वारीची भाकरी, पालेभाजी, सालीसकट डाळी, पेरू, पपई, आणि इसबगोल भरपूर पाण्याबरोबर. दिवसभर थोडं थोडं पाणी. कळ आली की लगेच जायचं, दाबायचं नाही, कुंथायचं नाही, तिथं मोबाईल घेऊन बसायचं नाही. आणि एक मलम, तुरीच्या डाळीएवढं, दोन वेळा, कडेला लावायचं. त्यानं स्नायूचा आवळ सुटतो. "डोकं दुखलं किंवा गरगरलं तर येऊन सांग. सहा ते आठ आठवडे. बहुतेकांची यातच भरते. नाही भरली तर पुढचे उपाय आहेत, ऑपरेशनही आहे, ते वाईट नसतं. पण ते पहिलं नसतं. आणि ते इंजेक्शन अजिबात घ्यायचं नाही."

बाहेर आल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. मला संताप आला. कोमट पाणी आणि भाकरी. यासाठी मी दोन महिने उभ्यानं बस काढली होती. हे दहावीच्या पुस्तकात एका ओळीत मावलं असतं.

घरी सांगणं भागच होतं, कारण टब लागणार होता. आमच्याकडे बसण्याएवढं पसरट एकच भांडं होतं: कपडे भिजवायचं निळं प्लास्टिकचं टोपलं. न्हाणीला दार नव्हतं, पोत्याचा पडदा होता. शिवाय पाणी चुलीवर तापवायचं तर आई विचारणारच. मी तिला स्वयंपाकघरात गाठलं आणि केसपेपर हातात धरून सगळं एका दमात सांगून टाकलं.

तिला पहिल्यांदा लागलं ते दुखणं नाही.

"म्हंजे उपास देवाचे नव्हते?"

"न्हाई."

"मी सगळ्या आळीत सांगत फिरले." ती परातीतलं पीठ उगाच मळत राहिली. "काकू काय म्हणतील? एवढी खोटी वागलीस?"

मला वाटलं होतं ती जवळ घेईल. मला इतका राग आला की आवाज फुटला. "मला बसता येईना, आई. तुमी कौतुक करून राहिल्या होत्या आणि मला बसता येईना."

तिनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. मग पातेलं ठेवलं आणि टोपलं घासून आणलं. पडद्याबाहेर ती राखण करत बसली, कोणी आलं तर थांबवायला. मी पाण्यात बसले आणि कित्येक दिवसांनी तिथली मूठ सैल झाल्यासारखी वाटली. पडद्याबाहेरून तिचा आवाज आला, अगदी हळू.

"ते बाळंतपणानंतर पण व्हतं का गं? फाटल्यावाणी?"

"व्हय. बाई म्हणाल्या, बाळंतिणींना लई वेळा होतं. काहून?"

"उगंच."

"आई, काहून?"

"तुझ्या धाकट्या भावाच्या वक्ताला झालं व्हतं. अजून व्हतं मधून मधून. मला वाटलं, बाईच्या जातीला असतंच."

माझा भाऊ आता अकरावीला आहे. पाणी गार होईपर्यंत मी तिथंच बसून राहिले. तिच्यावर चिडावं की कोणावर, हे मला ठरवता येईना.

गुरुवारी सकाळी अण्णा धुतलेला सदरा घालून ओट्यावर उभे होते. मी म्हणाले, "अण्णा, मी येणार न्हाई."

"काहून?"

"मला मूळव्याध न्हाईच. भेग हाय. सरकारी दवाखान्यात दाखवलं."

"कधी दाखवलं? कोणाला इचारून?"

मी केसपेपर पुढे केला. तो इंग्रजीत होता. त्यांनी तो उलटा-सुलटा करून परत दिला. मी वाचून त्याचा अर्थ सांगितला, त्या जागेचं नाव घेऊन, बापासमोर. ते गोठ्याकडे बघत होते.

"मी शब्द दिलाय त्या माणसाला."

"शब्द तुमी दिला. सुई मला टोचणार."

असं मी आयुष्यात त्यांना कधी बोलले नव्हते. त्यांचे कान लाल झाले. "दोन बुकं शिकली की बापाला शिकवायचं," ते म्हणाले. आई आतून म्हणाली, "जाऊ द्या. ती न्हाई जाणार." ते तसेच, धुतलेल्या सदऱ्यावर, हळदीच्या खुरपणीला निघून गेले. त्या दवाखान्यातून दोनदा फोन आला. दोन्ही वेळा अण्णांनी सांगितलं की पोरगी परगावी गेलीय. मी समोर बसून भाकरी खात होते.

पुढचे आठवडे सोपे नव्हते. मलमानं पहिले चार दिवस डोकं ठणकलं. बाईंना जाऊन सांगितलं, त्यांनी ते थोडं कमी आणि आडवं पडून लावायला सांगितलं. पाणी प्यायचं तर कॉलेजातल्या स्वच्छतागृहात जावं लागणार, म्हणून मी आणि मैत्रिणीनं प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहिला. विषयात काय लिहावं यावर आम्ही एक तास घालवला. सह्या मागायला गेलो तर मुली म्हणायच्या, "माझं नाव खालच्या बाजूला घे, बारीक." एक जण म्हणाली, "मला तर काहीच त्रास न्हाई," आणि संध्याकाळी बसस्टँडवर एकटीला गाठून मलमाचं नाव विचारलं. कुलूप निघालं. आतून कडी नव्हती, ती अजूनही नाही. एकीनं आत जायचं, दुसरीनं बाहेर उभं राहायचं. अर्जाबद्दल त्या कारकुनानं आम्हाला एवढंच विचारलं, "झालं का समाधान?" जणू आम्ही काही चैन मागितली होती.

दोन आठवड्यांत दुखणं जवळजवळ थांबलं आणि मी गाफील राहिले. महालक्ष्म्या आल्या. तीन दिवस सारवण, फराळ, सोळा भाज्या, पुरणाचा घाट, पाहुणे. टोपल्यात तर महालक्ष्म्यांचं धुणं. मी पाण्यात बसले नाही, इसबगोल घेतलं नाही, दिवसभर पाणी विसरले. चौथ्या दिवशी सकाळी ती काच पुन्हा आली, पहिल्यापेक्षा वाईट, आणि पायाजवळ रक्त. मी न्हाणीत बसून रडले. अण्णांनी ऐकलं. कितीतरी दिवसांनी ते बोलले.

"मी म्हणलं व्हतं. तिकडं एका दिवसात काम झालं असतं. अजून नंबर हाय माझ्याकडं."

खरं सांगते, त्या सकाळी मी हो म्हणणार होते. एक इंजेक्शन आणि संपलं, हा विचार किती गोड असतो हे दुखणाऱ्यालाच कळतं. त्या माणसाचा धंदा त्यावरच चालतो. मला मैत्रिणीची मावशी आठवली, तरी मी फोनकडे बघत होते. आई म्हणाली, "आधी त्या बाईंकडं. मी बी येते."

बाईंनी विचारलं, "किती दिवस केलंस?"

"सतरा."

"मी किती सांगितले होते?"

"सहा ते आठ आठवडे."

"सगळे हेच करतात. दुखायचं थांबलं की भरली समजतात. वरून मिटते, जोर आला की परत उघडते." त्यांनी पुन्हा बघितलं.

"आता ऑपरेशन लागेल का?"

"लागलं तर मी स्वतः सांगेन, आणि ते नीट भूल देऊन करतात. अजून ती वेळ नाही. आता पहिल्या दिवसापासून मोज."

मग आई म्हणाली, "तू भायेर थांब." मी बाहेर बाकावर गेले. बाकावर बसले, हे नंतर माझ्या लक्षात आलं. दार बंद होतं, आतून आईचा आवाज येत नव्हता, फक्त बाईंचे प्रश्न: किती वर्षं, कोणाला दाखवलं होतं का. त्या दारासमोर बसून मी ठरवलं की हे लिहायचं. त्या माणसाच्या पाटीसारखी मोठी अक्षरं माझ्याकडे नाहीत, पण ज्या मुली बसमध्ये उभ्या राहतात त्यांना कोणीतरी सांगायला हवं की हे उष्णतेनं होत नाही, पापानं होत नाही, आणि जो माणूस तुम्हाला न विचारता, न सांगता हात लावतो, त्याच्या पडद्यामागून उठून यायचं असतं.

नंतर आमच्या घरात टोपल्याच्या वेळा लागल्या. सकाळी आधी मी, मग आई. अण्णा त्या वेळी गोठ्यात काहीतरी काम काढायचे. एकदा ते बाजारातून चार पेरू आणि एक पपई घेऊन आले आणि न बोलता ओट्यावर ठेवून गेले. नंबराबद्दल पुन्हा काही बोलले नाहीत. बोलायला हवं होतं असं मला अजून वाटतं. मी त्यांच्याशी त्यावर भांडायला तयार होते.

आई रोज मी संडासातून आले की दारात एकच शब्द विचारायची: "आज?" मी "थोडं" म्हणायचे, किंवा "न्हाई", किंवा "कालच्यापेक्षा कमी". सहावा आठवडा गेला, सातवा गेला. मी काहीही चुकवलं नाही. दिवाळीनंतर, मला वाटतं नवव्या आठवड्यात, एका सकाळी मला उशीर झाला होता. मी ओल्या पायांनी धावत घरात आले, पिशवीत वही कोंबली, पाण्याची बाटली भरली. आई दारात होती.

"आज?"

"आज काय?" मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली. मलाही तेव्हाच कळलं.

"काई न्हाई," ती म्हणाली. "जाय. बस यील."